चिकाच्या दिवशी मी बाहेर बसले

सूड कसा घ्यावा हे मला कुणी शिकवलं नाही. कुरडयांचा चीक कसा हाटावा हे मात्र माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं, आणि त्यांनी दिलेल्या विद्येवरच मी त्यांची जिरवली. आता सगळं होऊन बसलं आहे, माणसंही बरीचशी गेली, तरी मला त्याचा पुरता पश्चात्ताप झाला असं लिहवत नाही. जेवढा झाला तेवढाच लिहिते.

आमचं घर पुणतांब्याला, नदीच्या अंगाला. लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळायचं नाही, कापड तर त्याहून नाही. जुनं लुगडं फाटलं की त्याची एक चिंधी वाया जात नसे. वाती, पोटीस, वाकळांचे पदर आणि बायकांची महिन्याची गरज, सगळं त्या चिंध्यांवर भागायचं. त्यांचं गाठोडं जाऊबाईंच्या खोलीत असे आणि ज्याला जे हवं ते त्यांच्याकडून मागून न्यावं लागे. मी त्यांना बाई म्हणायची. त्या मला धाकटे म्हणायच्या. थोरले दीर तापाने गेले त्याला पंधरा वर्षं झाली होती, पण घरात शब्द चालायचा तो बाईंचाच. माझे मालकही त्यांना विचारल्याशिवाय बैल विकत नसत.

दीर गेले तेव्हा बाईंची मुलगी पाच महिन्यांची होती. दुःखाने बाईंचं दूध आटलं. माझा धाकटा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. मी एका बाजूला त्याला घेतलं, दुसऱ्या बाजूला तिला. दीड वर्ष ती पोर माझ्या अंगावर वाढली. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, पण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट माझ्या मनात सतत होती, म्हणून सांगते.

मला पंचेचाळिसावं लागलं आणि माझ्या अंगात काहीतरी बिघडलं. पाळी दोन दोन महिने यायची नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा यायची. पौषाच्या थंडीत घाम फुटायचा. झोप उडाली. आणि राग. तोपर्यंत मी घरातली गरीब सून होते. ज्यांना तोंड नसतं त्यांना गरीब म्हणतात, तशी. मालक तीस वर्षं जेवताना ताक भुरकत होते. एके दिवशी दुपारी तो आवाज माझ्या कानात शिरला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या समोरचा तांब्या उचलला आणि अंगणातल्या आडात टाकला. मालक ओठांवर ताक तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. तांब्या काढायला गळ टाकावा लागला, शेजारपाजारचे बघायला जमले, आणि संध्याकाळच्या आत गावाला कळलं.

त्यानंतर मी काठवट अंगणात भिरकावली. गवळ्याला पाणी घातलंस म्हणून शिव्या दिल्या, त्याने पाणी घातलेलं नसताना. थोरल्या मुलाच्या थोबाडीत दिली, तो लग्नाचा झाला होता. राग ओसरला की मला रडू यायचं, आणि रडताना कुणी बघितलं की त्याचाही राग यायचा.

बाईंनी आधी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांचा ठसका बसला नाही म्हणजे दृष्ट आहे, असं त्या म्हणाल्या. ठसका तर मला एवढा बसला की डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. मग नदीवर बायकांत त्या बोलू लागल्या. "धाकटीला बाहेरचं काय तरी लागलंय. न्हाई तर ही अशी न्हवती." माझ्या मागे बोलल्या असत्या तर एकवेळ सोडून दिलं असतं. मी चार दगडांपलीकडे वाकळ धूत होते.

खरं काय ते मला गावातल्या म्हाताऱ्या सुईणीने सांगितलं. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्या हातची. ती माझ्या ओसरीवर बसली, सुपारी कातरली आणि म्हणाली, "तुला काय बी लागलेलं न्हाई. पाळी जायाला लागली म्हंजी असं हुतं. कुनाला रडू येतं, कुनाला राग येतो. तुला राग आला. दोन-तीन वरसं ऱ्हातंय, मग जातंय."

मी म्हणाले, "तोवर घरात एक भांडं राहणार नाही."

"मग वळखायला शिक. पयलं काय तापतं तुझं?"

मी आठवलं. आधी छातीत ऊब यायची, मग मान, मग कान.

"कान तापले की उंबरा वलांडायचा. जे काय बोलायचं ते नदीला बोल, वाकळ आपट. आन उठून जाता येत न्हाई आसं आसंल, तर तोंडात पान्याची चूळ धर. चूळ हाय तवर बोलता येत न्हाई."

हे उपाय मी मनापासून केले. त्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या वाकळा जेवढ्या स्वच्छ होत्या तेवढ्या कधी नव्हत्या. दगडावर वाकळ आपटताना मला एक गोष्ट उमगत गेली. राग नवीन होता, पण ज्याचा राग यायचा ते काहीच नवीन नव्हतं. ताकाचा आवाज तीस वर्षांचा. चिंधीसुद्धा मागून घ्यायची, हेही तितकंच जुनं. मी पोरीला वाढवलं आणि गावजेवणात बाई म्हणायच्या, माझ्या लेकीला मी एकटीनं वाढवलं, तेही. एवढी वर्षं अंगात कुठेतरी झाकण होतं, ते पाळीबरोबर निघून चाललं होतं. सुईणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आसंल. पर समदं एकाच वरसात वसूल करू नगंस."

माघात पोरीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, राहत्याकडचा, पाटाच्या पाण्याची जमीन. मांडव वैशाखात पडणार होता. बाई विधवा, म्हणजे कन्यादानाला चुलता-चुलती बसणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. मी तर पोर चालायला लागली तेव्हापासून धरलं होतं. पोरीचा हात मी नवऱ्याच्या हातात देईन, त्यावर पाण्याची धार धरीन, आणि ती कुणाच्या अंगावर वाढली हे एकदा तरी चारचौघांत दिसेल. एवढंच मला हवं होतं. बाकी आयुष्यात मी काही मागितल्याचं आठवत नाही.

सुपारी फोडायला वरपक्षाच्या बायका आल्या. मी पानं वाढत होते. मुलाच्या आईने विचारलं, "कन्यादानाला कोन बसनार?" मी मान खाली घातली, नव्या सुनेसारखी. आणि बाई म्हणाल्या, "माझा भाऊ-भावजय बसतील. आमच्या धाकटीचं डोकं आताशा ठिकानावर नसतं. मांडवात काय करंल, नेम न्हाई."

कान तापले. उठून जाण्यासारखं नव्हतं, हातात पानांचं ताट होतं. मी ताट ठेवलं, कोपऱ्यातल्या घागरीतून पाणी घेतलं आणि तोंडात चूळ धरली. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी गाल फुगवून उभी. मुलाच्या आईने बाईंकडे बघून मान हलवली. कसलं डोकं आहे ते तिला दिसलंच. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा झाला, आणि माझ्या तोंडातल्या पाण्याचा अर्थ वेड असा.

परसात जाऊन मी चूळ टाकली तेव्हा कान गार झाले होते. तो राग पुन्हा तसा पेटला नाही. त्या दिवसापासून मी भांडं आपटलं नाही की कुणावर ओरडले नाही. मालकांना वाटलं, बरी झाले. मी डूख धरला होता.

आमच्याकडे लग्नाआधी रुखवताच्या कुरडयांचा मुहूर्त होतो. पाच सवाष्णी जमतात, आणि ज्या घरची लेक त्या घरच्या सवाष्णीने चीक हाटून पहिली कुरडई घालायची असते. कुरडयांचं काम मधेच थांबवता येत नाही. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, फडक्याने गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. पाचव्या दिवशी सकाळी तो शिजलाच पाहिजे. ऊन वर आलं की आंबतो, आणि मग त्या कुरडया तांबड्या होतात, फुलत नाहीत. शिजवणं तर हाताचंच काम. आधणात चीक ओतला की एका दमात, एकाच दिशेने हाटत राहायचं, आणि दांड्याला जडपणा येऊन रंग काचेसारखा झाला की त्याच क्षणी उतरवायचा. गावात हे दोघींनाच नेमकं जमायचं. एक बाई, पण दीर गेल्यापासून मंगलकार्याच्या वस्तूला त्यांनी हात लावला नव्हता. दुसरी मी.

लढाईच्या दिवसांत एवढे गहू गोळा करायला मालकांना महिना लागला होता. मी ते निवडले, भिजवले, तिन्ही दिवस पाणी बदललं, वाटले, गाळले. एका कामात खोट ठेवली नाही. पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं तर खाली चीक पांढराशुभ्र, दह्यासारखा बसलेला. चार सवाष्णी येऊन बसल्या. अंगणातल्या चुलीवर आधण ठेवलं. बाई नवं पातळ नेसून उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सांगायचं असल्यासारखा भाव होता. तो मी बघितला, पण मला त्याचं देणंघेणं नव्हतं. आधणाला उकळी फुटली. एका सवाष्णीने चिकाचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. मी दोन पावलं मागे झाले.

"मला शिवू नका," मी म्हणाले. "कावळा शिवला."

खोटं होतं. संक्रांतीनंतर मला पाळी आलीच नव्हती. पण माझ्या पाळीचा आता कुणालाच, मलाही, हिशेब लागत नव्हता, आणि या एका बाबतीत बाईमाणसाला कुणी दाखव म्हणत नाही. मी पदर सावरला आणि गोठ्याच्या पडवीत जाऊन बसले. बाहेर बसण्याची आमची जागा तीच. तिथून अंगण समोर दिसतं.

मग मी जे बघितलं ते मी कुणाला विकत दिलं नसतं. चार सवाष्णी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. आधण आटत होतं. शेवटी शेजारच्या घरच्या सुनेने धीर करून चीक ओतला, तोही एकदम सगळा. लगेच गुठळ्या धरल्या. बाई उंबऱ्यातून सांगू लागल्या, "हाटा. थांबू नगा. अगं, उलटा नगो फिरवूस." त्या उंबरा ओलांडत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते, मुठी दांडा धरल्यासारख्या मिटलेल्या, आणि ते हात हवेत गोल गोल फिरत होते. स्वतःच्या लेकीच्या रुखवताचा चीक डोळ्यांदेखत बिघडत होता आणि तो कसा वाचवायचा हे त्या अंगणात त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

कुणीतरी मला हाक मारली, "वैनी, तिथनं सांगा की, उतरवायचा का आता?"

आवाजाने विटाळ होत नाही. मी सांगू शकले असते. मी म्हणाले, "मला इथून दिसत नाही."

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी नजर काढली नाही.

कुरडया कशाबशा घातल्या. दुपारी बायका त्या बाजेवरून उचलायला गेल्या तर हातात चुरा. मला लांबून भाकरी वाढली ती मी चवीने खाल्ली आणि अर्धी आणखी मागून घेतली. त्या वर्षात एवढं गोड जेवण मला लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी भाकरी घेऊन पडवीपाशी आली. शिवायचं नाही म्हणून चार हातांवर उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकी," ती म्हणाली, "परवाच्याला मी आईपुढं हट्ट धरला. जेवलेच न्हाई. म्हनलं, काकी बसनार न्हाई तर मी बोहल्यावर उभी ऱ्हानार न्हाई. आईनं कबूल केलं हुतं. चिकाच्या मुहूर्ताला, समद्यांदेखत सांगनार हुती की तुमी आन काका बसायचं."

मी अंगणातल्या रिकाम्या बाजेकडे बघितलं.

"आता म्हनती, हिच्या पाळीचा काय नेम ऱ्हायला न्हाई. मांडवाच्या दिवशीच बाहेर झाली तर कन्यादान आडून बसंल. मामाला सांगावा धाडलाय."

मी विटाळशी नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते शब्द माझ्या तोंडात आले. पण ते म्हणायचे तर उरलेलंही म्हणावं लागणार होतं, की गहू, मालकांचा महिना आणि तुझं रुखवत मी मुद्दाम मातीत घातलं. छातीत ऊब आली, मग मान, मग कान. उंबरा ओलांडायला नव्हता, मी आधीच बाहेर बसलेली. मी म्हणाले, "मामीच्या हातात पाटल्या आहेत. फोटोत बऱ्या दिसतील."

पोरीने भाकरीचं फडकं लांबूनच खाली ठेवलं आणि गेली.

चौथ्या दिवशी मी नदीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि घरात आले. रुखवतात चार घरांतून मागून आणलेल्या कुरडया मांडल्या, कुठली जाड, कुठली बारीक. वरपक्षाच्या बायकांनी त्या उचलून बघितल्या. कन्यादानाला मामा-मामी बसले. मामीने पाण्याची धार वाकडी धरली, निम्मं पाणी नवऱ्याच्या धोतरावर सांडलं. मी सवाष्णींच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत अक्षता घेऊन उभी होते. निघताना पोर सगळ्यांच्या गळ्यात पडली, माझ्याही. पण आधी आईच्या, मग मामीच्या, मग माझ्या.

सुईण म्हणाली तसं झालं. पाळी पुन्हा आलीच नाही. दीड-दोन वर्षांत रागही गेला. मालक ताक भुरकत राहिले आणि मी वाढत राहिले. ती खोटी पाळी हीच माझी बाहेर बसण्याची शेवटची वेळ ठरली. म्हणजे मांडवाच्या दिवशी मी बाहेर होण्याचा प्रश्नच नव्हता. हे मी एकटीनेच मनात धरून ठेवलं होतं, आणि बाईंना कधीतरी सांगेन म्हणून राखून ठेवलं होतं. सूड अर्धाच झाला होता. आपण लग्नात कुणाला विनाकारण बाजूला केलं हे बाईंना कळल्याशिवाय तो पुरा होणार नव्हता.

ती वेळ आली तेव्हा लढाई संपून बरेच दिवस झाले होते. आम्ही दोघी ओसरीवर तूर निवडत होतो. बाईंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी सहज विचारलं, "धाकटे, तुझं कदी गेलं गं?"

मी सुपातली तूर सारखी केली आणि म्हणाले, "पोरीचं लग्न झालं ना, त्याच्या आधीच्या संक्रांतीला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. संक्रांत, मग चैत्र, मग वैशाख, हे त्या मोजतील आणि त्यांचा हात सुपात थांबेल, याची मी एवढी वर्षं वाट बघितली होती. हात थांबला नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ठावं हाय."

"कसं ठाऊक?"

"चिंध्यांचं गाठोडं माझ्याकडं हुतं. तीन दिवस बाहेर बसलीस, एक चिंधी मागितली न्हाईस. नदीवरनं आलीस तवा वाळत घालायला बी काय न्हवतं." त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "पयल्याच दिवशी कळलं मला."

माझे कान तापले. किती वर्षांनी तापले. "मग भावाला सांगावा का धाडला? पोरीला का सांगितलं, नेम नाही म्हणून?"

"तू तोंड उघडावंस म्हनून. पोरीला तुझ्याकडं मीच धाडली हुती. म्हनलं, लेकरापुढं तरी खरं बोलंल." त्यांनी सूप खाली ठेवलं. "भावजयीला सांगून ठेवलं हुतं, आयत्या वेळी उठावं लागंल म्हनून. अंतरपाट धरला तवर तुझ्याकडं बघत हुते, धाकटे. तू तिसऱ्या रांगंत हुतीस."

मी उठले. अंगणात गेले आणि घागरीतून पाणी घेऊन तोंडात धरलं. ओसरीवर बाई पुन्हा तूर निवडू लागल्या होत्या, मला ऐकू येत होतं. ते पाणी मी बराच वेळ तोंडात धरून उभी होते.